लाकडाला हलायला जागा

नुकतंच कापलेलं सागवान सोनेरी नसतं. हिरवट, मळकट पट्ट्यांचं ते लाकूड पाहून नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे खरंच साग आहे का? काही दिवस ऊन-उजेड लागला की पट्टे विरतात आणि ओळखीचा रंग वर येतो. चिपळूणजवळच्या एका लहान कारखान्यात हे दोन्ही रंग शेजारी शेजारी पाहायला मिळाले. पत्र्याची शेड, काम करणारे दोघेच, मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या. पुण्याच्या एका कुटुंबासाठी सहा फूट बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल चाललं होतं.

लाकूड बल्लारशाहचं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातल्या या सागवानाचा लौकिक मोठा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. पण मिस्त्रींना लौकिकापेक्षा ओलाव्याची काळजी जास्त. फळ्यांच्या चळतीत मध्ये मध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवलेला. जाडीच्या इंचाला एक वर्ष, हा वाळवणीचा जुना हिशेब. पुण्याची हवा कोकणापेक्षा कोरडी, त्यामुळे इथे वाळलेलं लाकूड तिथे जाऊन आणखी आकसतं. म्हणून कापण्याआधी प्रत्येक फळीला ओलाव्याचा मीटर लावायचा.

सागाला अंगचं तेल असतं. वाळवी लांब राहते ती त्यामुळेही, पण त्याच तेलापायी गोंद नीट धरत नाही. त्यावर उपाय म्हणजे ताजा रंधा मारलेल्या कडा लगेच चिकटवणं. शिवाय या लाकडात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. पुतण्याचा निम्मा वेळ धारेच्या दगडावर जातो. रंधा रेषेच्या उलट फिरला की लाकूड उचकटतं, हे त्याला आता हाताला लागणाऱ्या अडखळण्यावरूनच कळतं.

पाय आणि आडव्या पट्ट्या जोडायला खिळा नाही. पट्टीच्या टोकाला कुसू, पायात त्याच मापाची खाच. दोन्हींतून आरपार बांबूची खुंटी जाते. कुसवातलं भोक मुद्दाम दीडेक मिलिमीटर पट्टीच्या खांद्याकडे सरकवून पाडलेलं असतं. खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढते आणि सांधा आवळतो. पुढे कधी गोंद सुटला तरी सांधा सुटत नाही.

माझ्या मते कारागिराची समज खरी दिसते ती टेबलाच्या वरच्या फळीत. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला मात्र हलतं. कडक उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत तीन फूट रुंदी पाच-सहा मिलिमीटर सहज फुगते. आपल्याकडे आषाढात दारं लागेनाशी होतात ती याचमुळे. अशी फळी चहूबाजूंनी स्क्रूने घट्ट आवळली तर ती कोरड्या हवेत तडकते किंवा दमट हवेत सांधेच ढकलते. बाजारात ‘सॉलिड सागवान’ म्हणून विकलेली टेबलं मधोमध फाटलेली मी पाहिली आहेत. लाकूड चांगलंच होतं, फक्त त्याला हलू दिलं नव्हतं.

मिस्त्री पट्ट्यांच्या आतल्या बाजूला खोबण घेतात. त्यात जीभ अडकवलेले छोटे लाकडी ठोकळे बसतात आणि स्क्रू ठोकळ्यातून वर फळीत जातो. फळी फुगली की ठोकळे खोबणीत सरकतात. प्रत्येक ठोकळ्यामागे थोडी फट सोडलेली.

गिऱ्हाईक बाई टेबल पाहायला आल्या होत्या. त्यांनी वाकून विचारलं, “काका, ही फट राहिलीय का?”

“राहिली नाही ताई, ठेवलीय. पावसाळ्यात बघा, भरून येईल.”

बाईंना दिवाळीच्या आधी टेबल हवं होतं. मिस्त्रींनी तारीख दिली नाही. चिकटवलेली फळी आणखी काही दिवस उभी ठेवायची, मग दोन सरळ पट्ट्या तिच्या दोन्ही टोकांना ठेवून, डोळा खाली आणून पीळ आलाय का ते पाहायचं, आणि आला असेल तर पुन्हा रंधा. चपडीचं पॉलिश त्यानंतर. तेही दोन्ही बाजूंना, कारण तळ कोरा ठेवला तर खालून ओलावा जास्त शिरतो आणि फळी वाकते. वरच्या बाजूला जितके हात, तितकेच खाली.