शेजारच्या फोनवर उघडते, आपल्याकडे पांढरे पान: साइट नेमकी कुठे अडते?

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रावर गेलात, तर ‘आज साइट चालत नाही’ हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतेच. बहुतेक वेळा सर्व्हर बंद असतो किंवा नेट गेलेले असते. पण कधीकधी तीच साइट शेजारच्याच्या फोनवर झटकन उघडते आणि केंद्रातल्या संगणकावर नुसते पांढरे पान दिसते. तेव्हा दोष नेटचा नसतो, ब्राउझरच्या वयाचा असण्याची शक्यता जास्त.

वेबसाइटची सजावट म्हणजे सीएसएस. त्यातली एखादी नवी सूचना जुन्या ब्राउझरला कळली नाही, तर तो ती सोडून देतो आणि पुढे जातो. पान थोडे वेडेवाकडे दिसते, पण दिसते. जावास्क्रिप्टचे तसे नाही. २०२० पासून क्रोममध्ये प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे टिंब अशी एक नवी खूण चालू लागली. ही खूण ओळखता न येणारा ब्राउझर ती ओळ सोडत नाही, अख्खी फाइलच नाकारतो. हल्ली पुष्कळ साइट्सचे पूर्ण पान जावास्क्रिप्टच उभे करते. फाइल नाकारली की पान कोरे!

मराठी वाचकांना हा अनुभव नवा नाही. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी साइट्स ‘डायनॅमिक फॉन्ट’वर चालत. ते फॉन्ट फक्त इंटरनेट एक्सप्लोररला वाचता येत. फायरफॉक्समध्ये बातमीऐवजी अगम्य अक्षरे दिसत. एकाच ब्राउझरवर विसंबण्याची ही सवय सरकारी साइट्सवरही बरीच वर्षे टिकली. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरच्या एक्सप्लोररचा आधार काढला.

आता प्रश्न उलटा आहे. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, पण विंडोज ७ वर ती १०९ वरच थांबली आहे. फोनचेही तेच: क्रोम १३९ पासून अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची प्रणाली लागते. म्हणजे अँड्रॉइड ९ चा फोन कितीही नीट चालत असला, तरी त्यातला क्रोम १३८ च्या पुढे जात नाही.

साइट बनवणाऱ्यांनी हे कसे सांभाळायचे? नवे जावास्क्रिप्ट जुन्या भाषेत उतरवून देणारी साधने आहेत, पण किती जुन्या, ते कुणीतरी ठरवावे लागते. ‘वीट’ हे लोकप्रिय साधन घ्या. (विटेवरच्या विठोबाशी संबंध नाही, शब्द फ्रेंच, अर्थ ‘जलद’.) २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या सातव्या आवृत्तीने मूळ मर्यादा क्रोम ८७ वरून १०७ वर नेली. १०७ आणि विंडोज ७ च्या १०९ मध्ये अंतर दोनचेच, आणि मोठ्या आवृत्तीगणिक मर्यादा वर सरकणार. ही मर्यादा ‘बेसलाइन’ नावाच्या मोजपट्टीवरून येते: एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये येऊन ३० महिने झाले, की ती ‘सर्वत्र उपलब्ध’ धरतात. पट्टी सोयीची आहे. पण ती ब्राउझरचे वय मोजते, नायगावच्या माणसाच्या हातातल्या फोनचे नाही. मला तरी वाटते, पीकविमा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज बनवणाऱ्याने ही मर्यादा स्वतःच्या वापरकर्त्यांचे फोन पाहून ठरवावी. साधनाची सेटिंग एका ओळीत बदलता येते.

सोशल मीडियावरून लिंक उघडणाऱ्यांसाठी यात आणखी एक गाठ आहे. अँड्रॉइडवर फेसबुक, इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की ती सहसा क्रोममध्ये न जाता ॲपच्याच खिडकीत उघडते. त्यामागे ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ हा वेगळा घटक असू शकतो आणि तो प्ले स्टोअरमधून वेगळा अद्ययावत होतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर जीमेलसकट कितीतरी ॲप्स उघडताच बंद पडत होती.

त्यामुळे पान कोरे आले, तर आधी कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून ती लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा. नाही जमले, तर प्ले स्टोअरमध्ये क्रोम आणि वेबव्ह्यू दोन्ही अद्ययावत करा. तरीही कोरेच राहिले, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये तळाशी ‘क्रोमविषयी’ या भागात आवृत्तीचा क्रमांक असतो. तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढ्यावर न थांबता तो क्रमांक आणि फोनचे मॉडेल कळवा. दुरुस्ती करणाऱ्याला शोध तिथूनच सुरू करता येतो.