वेणी घालता येते का?

माझे केस कायम आखूड. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, "काय सॉलिड कट आहे गं, तुलाच शोभतो!" मीही मान उडवून थँक्यू म्हणायचे. खरं कारण एकीलाही कधी सांगितलं नाही. मला वेणी घालता येत नाही. उजवा हात डोक्याच्या मागे पोहोचतच नाही.

त्यामुळे मेडिकल बोर्डाच्या टेबलापलीकडून डॉक्टरांनी "वेणी घालता येते का?" असं विचारलं, तेव्हा मी नेहमीचं उत्तर फेकलं. "सर, केसच नाहीत!"

ते हसले नाहीत. म्हणाले, "असते तर?"

बस्स! अठ्ठावीस वर्षांचं नाटक दोन शब्दांत खलास.

लपवण्यात पीएच.डी.

जन्माच्या वेळी माझा खांदा अडकला होता. बाळाला बाहेर काढताना मानेपासून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. डॉक्टर याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. हजारात एखाद-दुसऱ्या बाळाला असं होतं आणि बहुतेकांचा हात काही महिन्यांत सुधारतो. माझा सुधारला, पण अर्धाच. बोटं चालतात, खांदा ऐकत नाही. मी डाव्या हाताने लिहिते, पण मी जन्माने डावखुरी नाही. व्हावं लागलं.

तुम्ही माझ्या शेजारच्या डेस्कवर बसलात तरी तुम्हाला कळणार नाही, एवढी मी यात तयार झालेय. फोटोत कायम उजव्या टोकाला, म्हणजे तो हात फ्रेमच्या कडेला जातो. पीएमपीच्या बसमध्ये डाव्या हाताने दांडा. कुर्ता घालताना आधी उजवी बाही. घोट घेताना माझं कोपर तुतारी वाजवणाऱ्यासारखं वर जातं, म्हणून चारचौघांत चहाचा कप डाव्या हातात. गंमत म्हणजे, डॉक्टरांच्या भाषेत या लकबीचं नावही तुतारीवरूनच पडलंय.

मग एका सरकारी भरतीचा फॉर्म भरताना रकाना आला, ‘आपण दिव्यांग आहात काय?’ मी ‘नाही’वर टिक केली. विचारसुद्धा केला नाही. तीन तासांचा लेखी पेपर होता. डाव्या हाताने भराभर लिहूनही शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. यादी लागली तेव्हा थोडक्यात हुकलं होतं. नंतर कळलं, की लिहिण्यावर परिणाम करणारं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल आणि त्याचे कागद असतील, तर तासाला किमान २० मिनिटं जास्तीची मिळू शकतात. तीन तासांना एक तास! तो तास कुणी हिरावून घेतला नव्हता, मीच नको म्हटलं होतं.

नांदेडला फोन करून आईला सांगितलं, सर्टिफिकेट काढतेय. पलीकडे शांतता. मग, "कशाला कागदावर आणायलीस? उद्या सोयरीक बघताना कुणी विचारलं तर?"

लातूरची ताई

मी जवळजवळ बेत सोडलाच होता. त्याच दरम्यान लातूरला मावशीकडे गेले. तिच्या गल्लीत एक ताई झेरॉक्सचं दुकान चालवते. वय चौतीस. मूळ गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती दीड वर्षाची होती. आदल्या रात्रीच गावोगाव गणपती विसर्जन झालं होतं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, हजारो जखमी झाली. ताईच्या पायावर भिंत आली. चालायला लागून तिला तेव्हा चारच महिने झाले होते.

"आमच्या वेळेला कायदाच नव्हता," ती म्हणाली. खरंय. अपंगांच्या हक्कांचा पहिला कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. २०१६ च्या नव्या कायद्यात ती २१ झाली, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर आलं. ताईकडे आधी कागदी सर्टिफिकेट होतं, आता यूडीआयडी, म्हणजे देशभर चालणारं वैश्विक ओळखपत्र आहे.

मी विचारलं, पेन्शन मिळते का? ती हसली. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये मिळतात. २०२५ पर्यंत दीड हजार होते. पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत. "दुकान चाललं की पेन्शन गेली. दुकान बंद केलं की मी गेले," ताई म्हणाली. "मी दुकान ठेवलं."

मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तिला पहिल्या मिनिटातच कळलं होतं म्हणे! "तू मागायला चाललीस असं नको समजू. जे झालंय त्याची नोंद करायला चाललीस. जन्माचा दाखला काढताना लाजतं का कुणी?"

दहा प्रश्नांचा पेपर

नांदेडला परतून ऑनलाइन अर्ज केला. तारीख मिळाली. जाताना माझ्या मनात वेगळीच धाकधूक होती. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून ज्याचं अपंगत्व पटकन दिसत नाही, त्याच्याकडे लोक जरा तिरकेच बघतात. मला कुणी ‘फेक’ म्हणालं तर?

आणि खरं सांगू? बाहेर बाकावर बसलेले लोक पाहून मलाच मी फेक वाटायला लागले. शेजारी एक आजोबा दोन कुबड्या सांभाळत बसले होते, पलीकडे एका बाईच्या मांडीवर मान न धरणारं मूल. मी पाण्याची बाटली उघडत होते, नेहमीसारखी गुडघ्यांत धरून, डाव्या हाताने. आजोबांनी काही न बोलता हात पुढे केला आणि बाटली धरली.

आत गेल्यावर कळलं, की हाताची तपासणी म्हणजे चक्क रोजच्या जगण्याचा पेपर असतो. सांधा किती फिरतो ते मोजतात. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी ठरवतात. आणि मग दहा कामं, प्रत्येकाला नऊ गुण. उंचावरची वस्तू काढून परत ठेवणं. नाकाला हात लावणं. हाताने जेवणं. केस विंचरून वेणी घालणं. सदरा-कुर्ता चढवणं. संडासात पाणी घेणं. पेल्याने पाणी पिणं. बटणं लावणं. नाडी बांधणं. लिहिणं. फरक एवढाच, की या पेपरात जे येत नाही त्याचे गुण मिळतात.

मी हुशार विद्यार्थिनी! फळीवरची फाइल मी काढून दाखवली. टाचा उचलून, कमरेतून झुकून, सफाईने. डॉक्टर म्हणाले, "हे तुम्ही कमरेने केलंत. आता सरळ उभं राहून, खांद्याने करा."

खांद्याने हात छातीच्या वर गेला नाही.

त्या खोलीत मी पहिल्यांदा तो हात जेवढा वर जातो तेवढाच नेला आणि तिथेच थांबवला. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हायसं वाटलं.

काही आठवड्यांनी निकाल आला, ४६ टक्के. पिवळं कार्ड.

अर्ज करताय? मग हे वाचाच

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, सही आणि जुने वैद्यकीय कागद जवळ ठेवा. २०२४ च्या नियमांनुसार प्रमाणपत्र तीन महिन्यांत मिळायला हवं. कार्ड ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० ला पिवळं आणि त्यापुढे निळं. बहुतेक सवलती चाळिसापासून सुरू होतात. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं.

नोकरी करणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही यात बरंच आहे. जुनी करप्रणाली घेतलीत तर ४० टक्क्यांपासून ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाखाची वजावट मिळते. महाराष्ट्रात कायमचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर असेल तर पगारातून कापला जाणारा व्यवसाय करही माफ. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीलासुद्धा समान संधी धोरण ठेवावं लागतं. एचआरला बिनधास्त विचारा.

आणि टक्केवारी म्हणजे तुमची लायकी नव्हे. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला बोलण्यातल्या अपंगत्वाच्या टक्केवारीवरून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की नुसत्या आकड्यावरून कुणाला बाहेर काढता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते तपासा. नीटच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला खोली घेऊन राहिलेल्या कितीतरी मुलांनी हे वाचायला हवं.

शेवटचं तिकीट

आईने कार्ड दोन दिवस कपाटात रेशनकार्डाखाली ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मावशीकडे जायचं निघालं. मी म्हटलं, एसटीने जाऊ. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. कंडक्टर आले. आई एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. मी पर्समधून कार्ड काढलं. उजव्या हाताने, मुद्दाम.

कंडक्टरने पाहिलं, मशिनवर दोन बटणं दाबली, तिकिटं फाडून दिली आणि पुढे गेले. एवढंच! बसमधल्या कुणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

आईने तिकिटं हातात घेतली. महिलांना असते ती निम्म्या भाड्याची सवलत तिला. मला कार्डावर पंच्याहत्तर टक्के. ती बराच वेळ दोन्ही तिकिटं शेजारी धरून हिशेब करत होती. लोहा गेल्यावर म्हणाली,

"माझं अर्धं अन् तुझं पाव. मग इतकी वर्षं पुऱ्या पैशानं कशाला फिरायलीस गं?"