आधी सनस्क्रीन, मग डासांचं मलम

क्रम ठरलेला आहे. सनस्क्रीन थेट त्वचेवर, १५-२० मिनिटं थांबून त्यावर डास पळवणारं मलम किंवा स्प्रे. कपड्यांखाली झाकलेल्या अंगाला मलम नको.

• एसपीएफ : यूव्हीबी किरणांपासूनचं संरक्षण. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवतं. यूव्हीएसाठी डबीवरची ‘पीए’ खूण बघावी.

• डीट : डासांच्या मलमातलं डास पळवणारं रसायन. अमेरिकी लष्करासाठी १९४६ मध्ये तयार झालं, १९५७ पासून सर्वांना खुलं. प्लास्टिक खराब करतं; बोटांना लागलेलं डीट गॉगलच्या फ्रेमवर डाग पाडून जातं. पिकारिडिन या दुसऱ्या डास पळवणाऱ्या रसायनाला ही खोड नाही.

• दोन्ही एकत्र : डीटमुळे सनस्क्रीनचा एसपीएफ सुमारे एक तृतीयांशाने घटू शकतो. ‘टू-इन-वन’ क्रीम सोयीचं वाटतं, पण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं, डीट इतक्यांदा नाही.

• कधी काय : डेंग्यू पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो, तारकर्लीला सकाळी किनाऱ्यावर निघताना दोन्ही हवीत. मलेरियाचा ॲनोफिलीस रात्रीचा, तेव्हा मलम पुरे.

• बाळं : दोन महिन्यांखालील बाळांना डीट लावू नये, मच्छरदाणी वापरावी.