आत्मभानातून नेतृत्वाकडे

व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द अलीकडे महाविद्यालयांतून फार ऐकू येतो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मी शिकवतो. येथेही या विषयावर अधूनमधून व्याख्याने होतात. सकारात्मक विचार करा, न्यूनगंड टाका, नेतृत्व आपोआप येईल, असा त्यांचा एकूण मथितार्थ असतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. त्यामुळे आत्मविश्वासाचे मोल मला कोणी सांगायला नको. परंतु न्यूनगंड हा ज्याच्या त्याच्या मनात आपोआप उगवलेला रोग आहे, हे या व्याख्यानांमागचे गृहीतक मात्र तपासून पाहिले पाहिजे. निदान चुकले की औषधही चुकते.

आमच्या आज्या-पणज्यांची मान खाली का होती? ते नकारात्मक विचार करीत होते म्हणून नव्हे. गावाची अमर्याद कामे करायची आणि बदल्यात बलुते व तुटपुंजी वतनी जमीन यांवर भागवायचे, ही महार वतनाची रीत होती. १८७४ च्या वतन कायद्याने तिला सरकारी चौकट मिळाली. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, त्याची मान ताठ राहणार कशी? हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली, त्यांच्या पश्चात झाला. मन आणि भाकरी यांचे हे नाते उमगणे म्हणजेच जाणीव. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हा बुद्धाचा विचार तिच्या मुळाशी आहे.

पण वतन गेले म्हणून सत्ता गेली नाही. याचा पुरावा शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. १९७२ साली इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. बहिष्कार ही वस्तू शहरी वाचकाला चटकन कळत नाही. त्यात काठी उचलावी लागत नाही. शेतावर काम मिळत नाही, दुकानदार जिन्नस देत नाही, गिरणीत दळण घेत नाहीत, वाट बंद होते. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला एवढे पुरते. त्यातून ती वर्षे दुष्काळाची. अशा वेळी बहिष्कृत माणसाला मनातून भीती काढून टाक असे सांगणे, ही त्याची थट्टाच होय. त्याची भीती खोटी नसते. ती एकट्याची असते, एवढेच तिचे वैगुण्य. ती दहा जणांनी वाटून घेतली की तिचे रूप पालटते.

बावड्याच्या बाबतीत असेच घडले. बावड्याचा बहिष्कार, परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावची स्त्रियांवरील विटंबना आणि देशभरच्या अत्याचारांची नोंद करणारा एलायापेरुमल समितीचा अहवाल, यांनी मुंबईतील तरुण अस्वस्थ झाले आणि २९ मे १९७२ रोजी दलित पँथरची स्थापना झाली. त्यांतले नामदेव ढसाळ पुणे जिल्ह्यातल्याच पूर-कानेरसरचे. वय अवघे तेवीस, काम टॅक्सी चालवण्याचे. नेतृत्वाचे धडे त्यांना कोणत्या वर्गात मिळाले होते? दुसऱ्या गावावरचा बहिष्कार हा आपल्यावरचा बहिष्कार आहे, ही जाणीव झाली आणि तिने त्यांना उभे केले. पुढे दोनच वर्षांत ही संघटना फुटली, हेही आपण झाकून ठेवू नये. व्यक्ती मोठ्या झाल्या, पण मतभेद पचवील अशी संघटनेची बांधणी झाली नाही. नेतृत्व म्हणजे केवळ व्यक्तीचा विकास नव्हे, हा धडा त्यातून घ्यायचा.

मग सकारात्मक वृत्ती निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. फक्त तिचा खरा अर्थ महाडकडे पाहून घ्यावा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली तो स्वीकारला. हक्क कागदावर होता, पण तळ्याचे पाणी कोणी घेत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे चवदार तळ्यावर चालत गेली, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्यानंतर मारहाण झाली, दावा गुदरला गेला आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ साली लागला. दहा वर्षे! आपली बाजू न्यायाची आहे हे ओळखून दहा वर्षे टिकून राहणे, ही आमच्या परंपरेतील सकारात्मकता. १९४२ च्या नागपूर परिषदेत बाबासाहेबांनी शिकण्याचा, चेतवण्याचा आणि संघटित होण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्याला जोडूनच स्वतःवर विश्वास ठेवा असेही सांगितले. हा विश्वास त्या तीन कामांपासून तोडून एकटा विकत घेता येत नाही.

आज आमच्या वर्गात ऊसतोड मजुरांची, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांची मुले-मुली बसतात. त्यांच्यातून नेतृत्व घडवायचे, तर कामे साधीच आहेत. गावचा एक प्रश्न घेऊन त्याचे कारण शोधायला लावावे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा त्यांनी स्वतः वाचावा. अर्ज लिहावा, सभेचे इतिवृत्त ठेवावे, विरोधी मत ऐकून घ्यावे. सभेत बोलण्याची पाळी मुलींवर आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यांवर आधी यावी. अर्ज घेऊन कचेरीत चौघांनी मिळून गेले आणि पोच घेऊनच परतले, की जो आत्मविश्वास येतो तो कोणत्याही व्याख्यानाने येत नाही.

आणि कार्यकर्त्याने स्वतःला एकच प्रश्न वारंवार विचारावा : मी नसताना हे काम चालेल काय? ज्या दिवशी याचे उत्तर होय असे येईल, त्या दिवशी त्याने नेतृत्व केले असे म्हणावे.