धुरावर शिजणारा टर्की

चुलीच्या धुराशी मनुष्याचा स्नेह फार जुना आहे. मांस टिकवावे कसे, हा प्रश्न ज्या काळी बर्फाच्या कपाटावाचून सोडवावा लागे, त्या काळी मीठ, ऊन आणि धूर हे तीनच गृहिणीचे साह्यकर्ते होते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून चुलीवर टांगलेल्या चोरिसांच्या माळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको. अमेरिकेत हाच धूर टर्की नावाचा अख्खा पक्षी शिजविताना योजतात. मात्र तेथे धुराचे काम मांस टिकविण्याचे नसून केवळ त्यास स्वाद देण्याचे असते. हा भेद ध्यानात न घेतल्यास सणाच्या पंगतीतील लहानथोर सारेच आजारी पडण्याचा संभव असतो. म्हणून ह्या पाकक्रियेची रीत आणि तीमागील कारणे येथे देत आहोत.

ह्या पक्ष्याचे नाव मोठे फसवे आहे. इंग्रजीत त्यास 'टर्की' म्हणतात आणि पोर्तुगीज भाषेत 'पेरू'. परंतु तो तुर्कस्तानचा नव्हे आणि पेरू देशाचाही नव्हे. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिका. मेक्सिकोतील लोकांनी तो फार प्राचीन काळी माणसाळविला आणि १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्यास युरोपात नेले. आपल्या देशाशी त्याची भेट गोव्याच्या वाटेने झाली. बादशहा जहांगीर याने मुकर्रबखानास दुर्मीळ वस्तू आणण्यासाठी गोव्यास पाठविले होते. खानाने १६१२ साली दरबारी आणलेल्या नवलांत हा पक्षीही होता. त्याच्या डोक्यामानेचे पालटणारे रंग पाहून बादशहा चकित झाला. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने रेखाटलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण साजरा होतो. अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ साली या सणाची राष्ट्रीय घोषणा केली. ह्या दिवशी मेजाच्या मध्यभागी टर्कीच हवा! बहुतेक घरी तो भट्टीत भाजतात. परंतु १९५२ साली जॉर्ज स्टीफन या गृहस्थाने गोल झाकणाची कोळशाची शेगडी तयार केली, आणि पुढे अशा झाकणाच्या शेगड्या घरोघरच्या अंगणात आल्यावर धुरावर पक्षी शिजविणे सामान्य कुटुंबासही साधू लागले.

पूर्वतयारी

पक्षी १२ पौंडांहून, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंहून, मोठा घेऊ नये. मंद आचेवर मोठ्या पक्ष्याच्या अंतर्भागात उष्णता पोहोचण्यास फार वेळ लागतो, आणि ४ ते ६० अंश सेल्सियस या दरम्यान रोगजंतू झपाट्याने वाढतात. ह्याच कारणास्तव पोटात पाव-मसाल्याचे सारणही भरू नये. गोठविलेला पक्षी बाहेर उघड्यावर न ठेवता शीतकपाटातच वितळू द्यावा. दर ४-५ पौंडांस एक पूर्ण दिवस, ह्या हिशेबाने १२ पौंडांस ३ दिवस लागतात. कच्चा पक्षी नळाखाली धुण्याची पुष्कळांस सवय असते. तीही सोडावी, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू भांड्यांवर आणि भाजीपाल्यावर पसरतात.

पुष्कळ जण पक्षी आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ४ लिटर पाण्यास सुमारे पाव किलो मीठ पुरे. मिठामुळे मांसातील प्रथिने पाणी धरून ठेवतात आणि दीर्घकाळ शिजूनही मांस कोरडे पडत नाही. हे भांडे शीतकपाटातच असावे. बाजारात मिळणारे काही पक्षी आधीच खारवलेले असतात. त्यांना हा संस्कार नको. नंतर पक्षी पुसून कोरडा करावा. ओलसर कातडी धुरात चामड्यासारखी चिवट होते.

आच आणि धूर

हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेतच करावे. जळत्या कोळशातून निघणारा विषारी वायू रंगगंधहीन असतो आणि बंद जागेत प्राणघातक ठरतो. कोळसे एका बाजूस ठेवून पक्षी दुसऱ्या बाजूस ठेवावा, म्हणजे त्यास थेट ज्वाळा लागत नाही. शेजारी पाण्याचे पसरट भांडे ठेवल्यास आच स्थिर राहते. कोळशांवर हिकरी, ओक, सफरचंद वा चेरी यांच्या सुक्या लाकडाचे तुकडे टाकतात. हवाई बेटांत पेरूच्या झाडाचे लाकूडही वापरतात. पाइनसारखे राळयुक्त, तसेच रंगविलेले वा औषध लावलेले लाकूड कदापि वापरू नये. धूर विरळ व निळसर असावा. दाट पांढरा धूर कोंडला की मांसास कडवट चव येते.

झाकणाखालची उष्णता १०७ ते १४९ अंशांच्या दरम्यान राखावी. दर पौंडास २० ते ३० मिनिटे, म्हणजे १२ पौंडांच्या पक्ष्यास ४ ते ६ तास लागतात. वारंवार झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. प्रत्येक वेळी आच उतरते आणि वेळ लांबतो.

खरी परीक्षा

पक्षी शिजला की नाही, हे रंगावरून ओळखता येत नाही. धुरातील वायूंचा मांसातील रंगद्रव्याशी संयोग होऊन पूर्ण शिजलेले मांसही कातडीखाली गुलाबी दिसते. उलट बाहेरून तांबूस दिसणारा पक्षी आत कच्चा असू शकतो. म्हणून मांसात खुपसावयाचा उष्णतामापक जवळ असावाच. मांडीचा अंतर्भाग, पंखाचे मूळ आणि छातीचा सर्वांत जाड भाग या तिन्ही ठिकाणी, हाडाला न टेकविता, पारा ७४ अंशांवर गेला पाहिजे. एका ठिकाणी जरी तो कमी भरला, तरी पाहुणे दारात उभे असले तरीही पक्षी पुन्हा आचेवर ठेवावा. उशिराच्या जेवणाने कोणाचे बिघडत नाही. कच्च्या मांसाने मात्र घरातील वृद्ध आणि बालके यांच्या जिवावर बेतू शकते.

उतरविल्यावर २० मिनिटे पक्षी तसाच राहू द्यावा, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. उरलेले मांस हाडांपासून सोडवून २ तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे आणि ३-४ दिवसांत संपवावे. धुराचा वास लागला म्हणून ते चोरिसांप्रमाणे टिकेल, असे समजू नये.

आपल्याकडे टर्की सर्वत्र मिळत नाही, हे खरे. परंतु ७४ अंशांचा हा नियम घरच्या कोंबडीस आणि बदकासही तंतोतंत लागू आहे. नाताळच्या दिवशी अंगणात धुरावर कोंबडी शिजविण्याचा बेत करणाऱ्या कुटुंबाने मसाल्याच्या यादीत पहिल्या ओळीवर उष्णतामापक लिहावा आणि मग निश्चिंतपणे पंगत मांडावी.