कबुली दिली, मग खटला कशाला?
घरातला खून, आरोपीचा जबाब आणि अपील : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अँटॉप हिलसारख्या दाट वस्तीत एखाद्या घरात खून झाला की कोर्टाच्या आधी गल्ली निकाल देऊन मोकळी होते. सरकारी वसाहतीतला सेक्टर असो की कोकरी आगारातली खोली, ‘बायकोला मारून तो स्वतःच पोलीस ठाण्यात हजर झाला’ एवढं कानावर पडलं की पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. काही वर्षांनी तोच माणूस हायकोर्टात अपिलात सुटला किंवा त्याची शिक्षा कमी झाली, की लोक म्हणतात, पैसे चारले असणार. खरं कारण अनेकदा पहिल्याच दिवशीच्या कागदांत असतं. कबुली कोणापुढे दिली, कोणत्या अवस्थेत दिली आणि ती मिळाल्यावर पोलिसांनी बाकीचा तपास केला की हात झटकले, यावर अपिलाचं भवितव्य ठरतं.

गैरसमज १ : ठाण्यात येऊन गुन्हा कबूल केला, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला.

वस्तुस्थिती : पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. मारहाण करून जबाब घेण्याची सवय मोडावी म्हणून ही मनाई १८६१च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आली. १८७२च्या पुरावा कायद्यात ती कलम २५ झाली आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम २३मध्ये कायम आहे. समोरचा हवालदार आहे की आयुक्त, यानं फरक पडत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढला तरी नाही.

या नियमाची धार किती, हे अघ्नू नगेसियाच्या खटल्यात दिसलं. ऑगस्ट १९६३मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या रांची जिल्ह्यात तो स्वतःच्या पायांनी पालकोट ठाण्यात गेला. काकूसह घरच्या चार जणांना मारल्याची फिर्याद त्यानं स्वतःच नोंदवली. सत्र न्यायालयानं फाशी दिली, पाटणा उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती फिर्याद उघडून पाहिली. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की तिचे तुकडे करा, कबुलीचा भाग गाळा आणि हेतू, पूर्वतयारी, घटनाक्रम एवढं वाचा. न्यायालयानं ते मानलं नाही. कबुली हा एकसंध जबाब आहे. फिर्याद कोणी दिली हे ओळखण्यापुरता भाग आणि वस्तू सापडण्याशी जोडलेला भाग सोडून बाकी सगळं बाद. मृतदेह आणि कुऱ्हाड त्यानं दाखवली होती, पण तेवढ्यावर खून सिद्ध होत नव्हता. अघ्नू सुटला.

मोक्काच्या खटल्यांच्या बातम्या वाचून अनेकांना वाटतं की वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. मोक्का या १९९९च्या कायद्यात ती सोय आहे खरी, पण तो संघटित गुन्हेगारीसाठी आहे. नवरा-बायकोच्या भांडणातल्या खुनाला तो लागत नाही.

गैरसमज २ : मग पोलिसांपुढे बोललेलं सगळंच वाया जातं.

वस्तुस्थिती : नाही. त्या बोलण्यामुळे एखादी गोष्ट सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पूर्वीचं कलम २७ आता कलम २३च्या परंतुकात आहे. कुठे कात्री लावायची हे प्रिव्ही कौन्सिलनं पुलुकुरी कोट्टयाच्या निकालात सांगितलं, आणि आजही न्यायालयं त्याच रेषेवर चालतात.

समजा, ताब्यातला आरोपी दोन पंचांसमक्ष म्हणाला, “बायकोला भोसकलेली सुरी मी मोरीतल्या पिंपामागे लपवली आहे, चला, दाखवतो.” पोलीस त्याचा निवेदन पंचनामा करतात, पंचांच्या सह्या घेतात, मग आरोपीला पुढे घालून त्या खोलीत जातात. सुरी सापडली की ती कागदात गुंडाळून, लाखेचं सील लावून कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रवाना होते. न्यायाधीश वाचतात ते एवढंच : ‘सुरी पिंपामागे लपवली आहे, दाखवतो.’ ‘बायकोला भोसकलेली’ हे शब्द गळतात. सुरीनं खून झाला हे रक्ताच्या अहवालानं आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या साक्षीनं वेगळं सिद्ध करावं लागतं.

अपिलात वकील नेमके इथेच बोट ठेवतात. पंच खरोखर हजर होते की ठाण्यात बसून सह्या केल्या? सील कधी लागलं, मुद्देमाल किती दिवस ठाण्यात पडून होता? सुरी बंद घरात सापडली की सगळ्या मजल्याची ये-जा असलेल्या जिन्याखाली? शेवटचा प्रश्न चाळीत फार महत्त्वाचा, कारण कोणालाही हात घालता येईल अशी जागा आरोपीलाच माहीत होती असं म्हणणं अवघड जातं.

गैरसमज ३ : कबुली मॅजिस्ट्रेटपुढेच द्यावी लागते.

वस्तुस्थिती : मॅजिस्ट्रेटपुढची कबुली सर्वांत भक्कम, पण एकमेव नाही. मॅजिस्ट्रेटला आधी आरोपीला बजावावं लागतं की कबुली द्यायची सक्ती नाही आणि दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. तो ‘नाही’ म्हणाला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. नंतर त्यानं जबाब फिरवला, तर न्यायालयं सहसा दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधतात.

शेजाऱ्याला, भावाला, मालकाला सांगितलेलंही पुराव्यात येतं, मात्र ते पोलिसांच्या ताब्याबाहेर असताना सांगितलेलं हवं. इतकंच काय, ऐकायला कोणी हवाच असंही नाही. साहू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सासऱ्यावर सुनेच्या खुनाचा आरोप होता. घरातून बाहेर पडताना तो स्वतःशीच पुटपुटला की तिला संपवलं आणि तिच्याबरोबर रोजची भांडणंही. लोकांनी ते ऐकलं. १९६५मध्ये न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी लिहिलं की असं स्वगतही कबुली ठरू शकतं. पण अशा कबुलीचे नेमके शब्द काय होते हे नीट सिद्ध व्हावं लागतं, आणि तिला इतर पुराव्याचा टेकू हवा.

गैरसमज ४ : चार भिंतींआड खून झाला, साक्षीदार नाही, म्हणजे सुटका ठरलेली.

वस्तुस्थिती : घरात फक्त दोघं असताना एकाचा जीव गेला, तर उरलेल्याला उत्तर द्यावं लागतं. जी गोष्ट फक्त त्यालाच माहीत आहे ती त्यानं सांगावी, हा पुरावा कायद्याच्या कलम १०६चा गाभा. आता ते कलम १०९ आहे. नांदेड जिल्ह्यातल्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात पत्नीला साप चावला असं सांगण्यात आलं होतं, पण शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की घराच्या आत झालेल्या खुनात खोटं किंवा अजिबात नसलेलं स्पष्टीकरण ही आरोपीविरुद्धच्या साखळीतली आणखी एक कडी ठरते.

मात्र त्याआधी तो त्या वेळी घरात होता आणि मृत्यू खूनच होता, हे सरकारी पक्षानं सिद्ध करायचं असतं. नुसता संशय पुरत नाही. पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात पत्नीच्या विषबाधेनं झालेल्या मृत्यूबद्दल सत्र न्यायालयानं फाशी दिली होती आणि मुंबई हायकोर्टानं ती कायम केली होती. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. परिस्थितीजन्य पुरावा तपासायच्या ज्या पाच कसोट्यांना वकील आजही ‘पंचशील’ म्हणतात, त्या याच निकालातल्या.

गैरसमज ५ : रागाच्या भरात मारलं, म्हणजे तो खून नव्हे.

वस्तुस्थिती : राग ‘गंभीर आणि अचानक’ चिथावणीतून आलेला हवा, आणि डोकं थंड व्हायला वेळ मिळालेला नसावा. मुंबईकरांना हे नानावटी खटल्यानं शिकवलं. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीनं प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांबद्दल सांगितलं. त्यांनी कुटुंबाला मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवरून खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आणि मग ते आहुजांच्या घरी गेले. घरातून निघाले दीड वाजता, गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि हायकोर्टानं ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. जवळपास तीन तास स्वतःला सावरायला पुरेसे होते, असं ते न्यायालय म्हणालं.

कबुलीच्या दृष्टीनंही हा खटला वाचण्यासारखा आहे. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव होता. पण नानावटी बाहेर पडताना वॉचमनशी बोलले, नौदलातल्या सहकाऱ्याशी बोलले, आणि आहुजांची बहीण तर समोरच होती. यांच्यापैकी कोणाला त्यांनी ‘अपघात झाला’ असं सांगितलं नव्हतं. शिवाय झटापट झाली म्हणावं, तर नुकत्याच आंघोळ करून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता. आरोपी काय बोलला याइतकंच, बोलायला हवं तेव्हा काय बोलला नाही, हेही न्यायालयानं पाहिलं.

गैरसमज ६ : अपील म्हणजे वरच्या कोर्टाची दयामाया.

वस्तुस्थिती : सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील हा हक्क आहे. मुदत ६० दिवसांची, फाशी असेल तर ३०. मुंबईचं सत्र न्यायालय आणि हायकोर्ट यांच्यामध्ये विद्यापीठाची इमारत तेवढी आहे, पण हा पल्ला गाठायला वर्षं लागू शकतात. हायकोर्ट सहसा साक्षीदारांना पुन्हा बोलावत नाही, पण नोंदलेला सगळा पुरावा नव्यानं तोलतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देतं. आणि हा रस्ता एकतर्फी नाही. आरोपी सुटला तर सरकार अपील करू शकतं, आणि २००९च्या अखेरीपासून मृताच्या नातलगांनाही तो हक्क मिळाला आहे.

गैरसमज ७ : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं.

वस्तुस्थिती : जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. १९६१मध्ये गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. चौदा वर्षं ही सुटकेची तारीख नाही. खुनासारख्या गुन्ह्यात तेवढी प्रत्यक्ष भोगल्याखेरीज सरकारला सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच तिचा अर्थ.

गैरसमज ८ : आरोपी हजर झालाय, आता आपण साक्षीच्या भानगडीत कशाला पडा?

वस्तुस्थिती : ठाण्यातली कबुली कोर्टात चालणार नाही, म्हणूनच शेजाऱ्याची साक्ष लागते. किंकाळी किती वाजता ऐकली, दार आतून बंद होतं का, बाहेर येऊन तो नेमकं काय म्हणाला, हे त्याच दिवशी पोलिसांना सांगितलं तर त्याला वजन असतं. चार महिन्यांनी आठवलेल्या गोष्टीवर उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, “इतके दिवस गप्प का होता?” त्याचं पटेल असं उत्तर नसेल, तर ती साक्ष अपिलात टिकणं कठीण जातं.