ठराव मंजूर, पाणी कुठे?

सानपाड्यातल्या कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा आठवा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पुढच्या वर्षी टाकी तशीच गळकी आणि ठरावही तोच. मंजुरी आणि अंमलबजावणी यांच्यातलं हे अंतर शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखलं, त्यांच्या नावाचा रस्ता दादर पश्चिमेला आहे : एस. के. बोले रोड. त्यावरून जाणाऱ्या फार थोड्यांना हे बोले ठाऊक असतात.

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले, कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हाच्या सत्कारसभेचे अध्यक्ष बोलेच होते. पुढे ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गेले.

तिथे कायदा आणि ठराव या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कायदा सगळ्यांवर बंधनकारक. ठराव म्हणजे सभागृहाने सरकारला केलेली शिफारस.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय.

आता हा कागद खाली कसा उतरला ते पाहा. ११ सप्टेंबरला सरकारी आदेश निघाला. सरकारी खात्यांनी आपल्या ताब्यातल्या जागांपुरता ठराव अमलात आणायचा होता. नगरपालिका आणि लोकल बोर्डांचं काय? कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, की शिफारस स्वीकारण्याचा विचार करावा! म्हणजे शिफारशीवर सल्ला, सल्ल्यावर विचार. एकेका पायरीवर जोर ओसरत गेला. आणि बहुतेक विहिरी, तळी होती ती याच शेवटच्या पायरीवर.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर काहीच बदललं नाही. बोले यांनी यातून धडा घेतला. ऑगस्ट १९२६ मध्ये ते दुसरा ठराव घेऊन उभे राहिले : जी नगरपालिका किंवा बोर्ड पहिला ठराव पाळणार नाही, तिचं सरकारी अनुदान बंद करावं. समजावून झालं होतं, आता नाडी तिजोरीची धरली होती.

तरी ओंजळ पाण्यापर्यंत पोहोचली ती माणसं चालत गेली तेव्हा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही चवदार तळ्याचं पाणी प्याले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

एका ठरावाला पाण्यापर्यंत पोहोचायला परिपत्रक लागलं, अनुदानाचा धाक लागला, सत्याग्रह लागला आणि जवळजवळ दहा वर्षांचा खटला लागला. म्हणून सोसायटीच्या पुढच्या सभेत ‘मंजूर’ म्हणून हात वर करताना एवढं तरी विचारावं : करणार कोण, आणि नाही केलं तर काय?